माझ्या नावावरचा नवस

मलकापूरला बदली झाली तेव्हा माझ्या सामानात एक गादी होती. झोपायची नव्हे. दुमडून दप्तरासारखी पाठीवर अडकवता येते अशी, जाड फोमची, दगडाखाली टाकायची गादी. ती पाठीवर घेऊन मी जिन्याकडे निघालो, तेव्हा ओट्यावर बसलेल्या घरमालक काकांनी विचारलं, "हे काय हो साहेब?"

मी हौसेने सांगितलं. मी दगडांवर चढतो, त्याला बोल्डरिंग म्हणतात. दोरी नसते, उंचीही फार नसते, पण दगड अवघड लागतो. हातापायांच्या जोरावर वर जायचं, आणि पडलो तर या गादीवर पडायचं. काकांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि समजूतदारपणे मान हलवली. संध्याकाळी समोरचा किराणा दुकानदार मला तूरडाळ बांधून देता देता फार आपुलकीने म्हणाला, "साहेब, मणक्याचं दुखणं कवापासून हाय? आमच्या मेव्हण्याले बी तशीच गादी सांगतली होती डॉक्टरनं."

मी काकांना जाब विचारायला गेलो. ते शांतपणे म्हणाले, "मंग काय सांगू? शिकलेला माणूस, बँकेत साहेब, अन् रविवारी गोट्यावर चढते? लोक तुमाले हसतीन. मणका म्हटलं की कोनी हसत नाही."

काकांचं सगळं आयुष्य मोटारपंपाच्या दुकानात गिऱ्हाइकांना तोंड देण्यात गेलं होतं. ऐन पाणी द्यायच्या दिवसात ज्याची मोटार जळली त्याला "उद्या सकाळी मेकॅनिक येते" हे सांगणं हेच त्यांचं काम. मेकॅनिक उद्या येणार नाही हे दोघांनाही ठाऊक असायचं, पण शेतकरी निदान त्या रात्री झोपायचा. दुकान सुटलं, सवय राहिली. समोरच्याला काय ऐकायला बरं वाटेल ते काकांना त्याच्या चेहऱ्यावरूनच कळायचं आणि ते तसं बोलून मोकळे व्हायचे. यात कुणाला फसवून चार पैसे मिळवावेत असं कधीच नव्हतं, हे मला मान्य करावंच लागेल. फसवणारा माणूस एक वेळ परवडला, कारण तो कशासाठी फसवतोय ते तरी कळतं. काकांना कारणच लागत नसे. ओट्यावर बसून फोनवर "मी नांदुऱ्यात हाय" म्हणायचे, आणि तेवढ्यात मागे मलकापूर स्टेशनातली घोषणा ऐकू यायची. पलीकडच्याने विचारलंच तर म्हणायचे, "इथी बी तशीच बाई बोलते."

काकू अकोल्याला लेकीकडे होत्या. का होत्या, तर मला सांगितलं गुडघ्याच्या इलाजासाठी. किराणावाल्याला सांगितलं नातीच्या परीक्षेसाठी. दूधवाल्याला सांगितलं की जावयाची ड्युटी रात्रीची असते, लेक एकटी भिते. तिन्ही कारणं मी काकांच्याच तोंडून ऐकलेली. गुडघे बरे झाले असतील, परीक्षा संपली असेल, काकू काही आल्या नाहीत. काका दोन वेळची खिचडी टाकायचे आणि "मले खिचडीच आवडते" म्हणायचे. मी पुढे विचारलं नाही. उत्तर खरं मिळणार नसेल तर प्रश्न कशाला खर्च करा?

दगड शोधणं हा माझा प्रश्न होता. नवीन गावात गेलं की लोक आधी शाळा, दवाखाना, मेस शोधतात. मी दगड शोधतो. पुण्याकडे कुठल्या दगडावर कोणती वाट आहे हे पोरांना तोंडपाठ असतं. इथे विचारायला कुणी नव्हतं. मलकापूर-नांदुऱ्याकडची जमीन काळीभोर, कसदार. कुत्र्याला हाणायला ढेकूळ मिळेल, धोंडा मिळायचा नाही. मी रात्री मोबाइलवर नकाशा मोठा करून करून काळे ठिपके शोधायचो आणि रविवारी मोटरसायकल काढून तिथे जायचो. एक ठिपका कुटाराचा, म्हणजे भुश्याचा, ढीग निघाला. एक ताडपत्रीचं छप्पर निघालं. एका नाल्यात ठिपक्यांचा मोठा पुंजका दिसला म्हणून भर उन्हात दीड तास चालत गेलो, तर नुसती वाळू. नकाशाचा फोटो निघाला त्या दिवशी तिथे म्हशी बसल्या असाव्यात.

हे काकांना कळलं आणि त्यांनी माझा दगड मनावर घेतला. "मले इचारायचं ना! या भागातली येकेक विहीर मी पाह्यली हाय. वडनेर भोलजीले हत्तीयेवढा गोटा हाय." दुसऱ्या रविवारी ते माझ्या आधी तयार होऊन, एप्रिलच्या उन्हात बिनबाह्यांचा स्वेटर घालून, स्कूटरला किक मारत होते.

वडनेरला हत्तीएवढा दगड म्हणजे एका पडक्या भिंतीशी टेकवून ठेवलेला तेलाच्या घाण्याचा दगड होता. माझ्या गुडघ्याएवढा. काका त्याच्याकडे बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "लहानपनी मोठा वाटे." तोवर पारावरचे चार लोक जमले होते. हे कोण, असं त्यांनी विचारलं. मी तोंड उघडायच्या आत काका बोलून गेले, "पीकविम्याचे साहेब. पाहणी करून राह्यले." पुढचे दोन तास मी लोकांच्या वावरातून हिंडलो. एकाने मला उन्हाळी भुईमुगाचं वाळलेलं झाड मुळासकट उपटून हातात दिलं. मी खरं सांगायचा प्रयत्न केला, तर म्हातारा डोळा मारून म्हणाला, "समजलं, साहेब. वरून बोलायची मनाई असंल." परतताना मी काकांशी बोललो नाही. ते मात्र खुशीत होते. "पाह्यलं? कसे चहा पाजत होते! दगड पाहायले आलो म्हटलं असतं तर पानी बी नसतं भेटलं."

रोहिणखेडला हाच प्रकार. तिथे जुन्या मशिदीजवळ सायकल दुरुस्तीचं दुकान असलेल्या चाचांकडे आम्ही पंक्चर काढायला थांबलो. चाचांनी मला मशिदीकडे निरखून पाहताना पाहिलं. मी चिऱ्यांचा सांधा पाहत होतो, बोट कुठे बसेल ते. काकांनी हळूच सांगितलं, "पुरातत्त्वचे साहेब." त्यानंतर त्या रस्त्याने मी कधीही गेलो की चाचा हातातला पाना टाकून धावत यायचे. "साब, मरम्मत कब शुरू हो रही?" किती आशेने विचारायचे! मी एकदा त्यांना स्पष्ट सांगितलं की मी बँकेत आहे. ते म्हणाले, "अच्छा, मतलब पैसा बँक से आएगा." मी कपाळाला हात लावला.

पण दगड काकांमुळेच मिळाला, हेही लिहायला हवं. रोहिणखेडच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याला काकूंचं माहेर आहे. तिकडे जायचं काका टाळत होते. मी नकाशात तिथला एक ठिपका दाखवला की ते म्हणायचे, तिकडे रस्ता नाही, तिकडे अस्वल आहे, तिकडे गोटे कच्चे आहेत. शेवटी मी एकटाच निघालो तेव्हा मुकाट्याने मागे बसले.

तो ठिपका खरा होता. नाल्याच्या काठाला, एका वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, काळ्या दगडाचा एक अख्खा तुकडा कधीकाळी डोंगरावरून गडगडत येऊन बसला होता. दोन खोल्यांच्या घराएवढा. एका बाजूने सहज चढता यावा असा, पण नाल्याकडची बाजू पुढे झुकलेली, छपरासारखी. त्या बाजूला खालून वर जाणारी एक चीर होती, ती मध्येच संपत होती, आणि तिच्यापुढे हातभर कोरा दगड सोडून वर बोटाचं एक पेर मावेल एवढी कड. मी त्या कडेकडे पाहिलं आणि वर्षभराचं दुःख विसरलो. असा दगड सापडायला माणसं देश पालथा घालतात. पहिल्या दिवशी चीर संपेपर्यंत पोचलो आणि धप्पकन गादीवर पडलो. काका सावलीत बसून म्हणाले, "त्या बाजूनं सोपं हाय ना बे! काऊन अवघड बाजूनं मरून राह्यला?" चौघांत मी साहेब, दोघांत 'बे'.

वावर काकूंच्या चुलतभावाचं निघालं. मी त्यांना मामा म्हणू लागलो. मोठा मोकळा माणूस, पण काकांशी मोजकंच बोलायचे. माझ्या चढण्याला त्यांची हरकत नव्हती. फक्त एका रविवारी म्हणाले, "करून घ्या मजा. पुढच्या आठवड्यात मशीन येऊन राह्यली. ठेकेदार फुकट फोडून नेतो म्हणते, खडीले पाह्यजे त्याले. मले बी चार ओळी पेरायले जागा मोकळी होईन."

मी मामांना समजावू लागलो की असा दगड पुन्हा घडत नाही, लांबून पोरं येतील चढायला. मामा ऐकत होते, पण त्यांच्या नजरेत सरळ दिसत होतं, की पोरं येऊन वावर तुडवतील हे तर आणखीच वाईट. मी काकांकडे पाहिलं. एवढ्या खोट्यांचा मालक तू, एकदा माझ्या कामी ये, असंच काहीतरी माझ्या चेहऱ्यावर असणार.

काका उठले. मामांकडे न पाहता, दगडाकडे पाहत म्हणाले, "फोडू नका. याचा नवस हाय या गोट्यावर."

"कशाचा नवस?"

"या बाजूनं हातानं चढून वर गेला की... तुमची ताई घरी येईन म्हून."

मामांच्या हातातली पहार जमिनीवर टेकली. काकू घर सोडून गेल्यात हे काकांच्या तोंडून बाहेर पडताना मी पहिल्यांदा ऐकलं, आणि तेही माझ्या नावावर नवस म्हणून. मी तर काकूंना पाहिलंसुद्धा नव्हतं!

नवस इकडे कुणी मोडत नाही. मामांनी ठेकेदाराला फोन करून मशीन थांबवली. मी सुटलो असं वाटलं, पण काकांनी दुकानात कधी गॅरंटी कार्ड वाचलं नव्हतं, तसे नवसाचे नियमही त्यांच्या लक्षात आले नाहीत. मामांनी मला पुढच्याच रविवारी अडवलं. "साहेब, नवसाच्या गोट्यावर बूट नाही चालत." बोल्डरिंगचे बूट म्हणजे माझी निम्मी ताकद. त्या दिवसापासून मी अनवाणी. त्या दगडाला धार होती. संध्याकाळी पायाची बोटं फुटलेली असायची. वर पुन्हा बाया पाहायला येऊ लागल्या. हाताला लावायची पांढरी पूड त्यांना अंगारा वाटायची. एक आजी दर खेपेला पदराच्या टोकात थोडी बांधून न्यायची. दगडाच्या झुकलेल्या बाजूला लटकून, खाली जमलेल्या मंडळींच्या "आला, आला, गेला" अशा आरोळ्यांत चढणं हा काय छळ आहे ते करून पाहिल्याशिवाय कळायचं नाही.

काकू का गेल्या, खरं काय घडलं, ते मामांनी सांगितलं. काकूंची आई याच गावात होती. एका संध्याकाळी तिची तब्येत बिघडल्याचा फोन आला, तो काकांनी घेतला. काकूंनी विचारलं, कुणाचा होता? काका म्हणाले, "तुया भावाचा. कापसाले काय भाव आला म्हून इचारत होता." सकाळच्या पहिल्या गाडीने नेतो, आत्ता सांगून रात्रभर जीव टांगणीला कशाला, असा त्यांचा हिशोब. म्हातारी पहाटेच गेली. काकू पोचल्या तेव्हा आईला अंगणात ठेवलं होतं. तेरवी झाली, काकू तिथूनच अकोल्याला गेल्या. काकांचा फोन त्या उचलत नव्हत्या.

हे ऐकल्यावर मला काकांचा राग यायला हवा होता, आणि आलाही. पण घरी आलो तर ते खिचडी ढवळत होते आणि मला म्हणाले, "तुये पाय पाहू? हळद लाव." राग धरायचा कुठे?

त्यांनी मग माझी तयारी हातात घेतली. सकाळी दार वाजवून कच्ची अंडी द्यायचे. ओट्यावर येणाऱ्याजाणाऱ्याला माझी बोटं दाखवायचे. मी चिरेच्या शेवटापर्यंत जायचो, कडेकडे झेपावायचो, आणि पडायचो. महिने गेले. काकांचा धीर सुटत चालला होता, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

एका मंगळवारी बँकेत मामांचा फोन. "साहेब, अभिनंदन! चढले म्हणे तुम्ही शनिवारी!" शनिवारी मी बँकेत उशिरापर्यंत रोकड मोजत बसलो होतो. "भाऊजींनी सांगतलं. मी ताईले कळवलं. ताई म्हणते, त्यायच्या शब्दावर मी येत नाही, मी डोयानं पाहीन. रविवारी येऊन राह्यली."

मी घरी गेलो आणि जिना न चढता ओट्यावरच काकांवर ओरडलो. आयुष्यात कुठल्या वडीलधाऱ्या माणसावर मी असा ओरडलो नव्हतो. काका मान खाली घालून ऐकत राहिले. शेवटी एवढंच म्हणाले, "येते तर म्हणाली ना ते?"

रविवारी काकू आल्या. मलकापूर स्टेशनवरून त्यांचं स्वतःचं घर हाकेच्या अंतरावर, पण त्या तिकडे न वळता थेट बसने माहेरी पोचल्या. ठेंगणी, ताठ बसणारी बाई. मामांनी दगडासमोर खुर्ची टाकली होती, तिच्यावर त्या हातातली पिशवी मांडीवर घेऊन बसल्या. काका लांब, बाभळीखाली. निम्मं गाव धुऱ्यावर.

मी जीव तोडून चढलो. चीर संपली, झेप घेतली, पडलो. पुन्हा चढलो, पुन्हा पडलो. बोटांची सालं निघाली, दगडावर लाल डाग पडू लागले. शेवटी हाताची मूठच वळेना, तेव्हा मी गादीवर तसाच बसून राहिलो.

मामांनी हळूच विचारलं, "शनिवारी मोबाइलात नव्हतं काय काढलं?"

"नाही."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. "बाबू, तू सांग. शनिवारी चढला होता का तू?"

मी अडकलो. नाही म्हटलं तर हा सगळा बनाव उघडा पडणार, मंगळवारपर्यंत मशीन येणार आणि माझ्या दगडाची खडी होणार. हो म्हटलं तर या बाईला मी आणखी एक खोटं विकणार, आणि एका खोट्याने तिचं काय झालं होतं ते सगळ्या गावाला माहीत होतं. दोन्ही उत्तरं माझ्या तोंडात होती. चिडून मी काकांकडे पाहिलं.

काका बाभळीखालून चालत आले. "नाही चढला," ते म्हणाले. "शनिवारी तो इथी आलाच नाही. मी खोटं बोललो. अन् नवस बी त्यानं नाही बोलला. त्याले ठाऊक बी नव्हतं. तोंड माह्यं होतं."

धुऱ्यावर कुजबुज झाली. काकू हलल्या नाहीत. "अन् माह्या मायच्या वक्ती?"

"तवा बी माह्यंच." काकांचा आवाज फुटला. "सारे म्हणतात, तुले तरास नको म्हून नाही सांगतलं. मी बी तेच सांगत फिरलो. तसं नाही. मी भेलो. तू रडशीन, अन् तुले कसं सांभाळू ते मले समजलं नाही. मी माह्या जिवाले भेलो."

मी मान फिरवली. इतक्या लोकांसमोर त्या माणसाकडे पाहवत नव्हतं.

"हे तवाच सांगाले पाह्यजे होतं," काकू म्हणाल्या. माफ केलं वगैरे काही म्हणाल्या नाहीत. पिशवी घेऊन उठल्या आणि मामांना म्हणाल्या, "भाऊ, नवस कोनाच्या बी तोंडून निघो, निघाला ना? फेडल्याबिगर गोटा फोडू नको." मग माझ्याजवळ थांबल्या, पायांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "अन् याले बूट घालू दे. नवस याचा नाही." दुपारच्या बसने त्या परत गेल्या.

त्यानंतर काकांनी खोटं बोलणं सोडलं. मला वाटलं होतं, आता तरी सुखाने राहता येईल. कसलं काय! खोटं बोलणारा घरमालक बरा होता म्हणायची वेळ आली. किराणावाल्याला त्यांनी तोंडावर सांगितलं की तुझ्या गुळात खडे असतात. त्याने माझीही उधारी बंद केली. रोहिणखेडच्या चाचांना सांगून आले की हा कुणी साहेबबिहेब नाही, मशिदीचं काही होणार नाही, आणि चाचांनी त्यानंतर माझं पंक्चर काढलं नाही. एका सोमवारी मी ताप आलाय म्हणून रजा टाकली, तर मॅनेजर चौकशीला घरी आले. काका ओट्यावर होते. "ताप कायचा? गोट्यावर गेला तो. सकाळच्या गारव्यात बोटं चांगली धरते म्हणते." मला लेखी खुलासा द्यावा लागला. काकांना विचारलं तर म्हणाले, "आता नाही जमत बे. येकदा तोंड उघडलं की खरंच येते."

अकोल्याला मात्र ते रोज फोन करायचे. काकू कधी उचलायच्या, कधी नाही. उचलला तर काका फार बोलायचे नाहीत. "खिचडी करपली आज." "मले खिचडी आवडत नाही." असलं काहीतरी.

थंडीच्या दिवसात आम्ही पुन्हा दगडाकडे जाऊ लागलो. आता मी पायात बूट घालायचो, आणि पुन्हा कुणी विचारायला नको म्हणून प्रत्येक प्रयत्नाचा व्हिडिओ काढायचो. धुऱ्यावर कुणी जमत नव्हतं. गावाचा माझ्यातला रस संपला होता. अशाच एका सकाळी, अंगात विशेष जोर आहे असंही वाटत नसताना, चीर संपली, मी हात टाकला आणि बोटं कडेवर बसली. बसलीच. पाय सुटले, अंग झोक्यासारखं मागे गेलं, पण बोटं सुटली नाहीत. मग दुसरा हात, मग टाच, मग मी पोटावर सरपटत वर. वर उन्हाचा तुकडा होता आणि पक्ष्यांची विष्ठा. मी तिथे पालथा पडून वेड्यासारखा हसत होतो. खाली काका एकटेच. ओरडले नाहीत, टाळ्या वाजवल्या नाहीत. स्वेटरच्या टोकाने डोळे पुसत उभे होते.

आम्ही मामांच्या गोठ्यावर गेलो. मामा गाईची धार काढत होते. काकांनी सांगितलं, पण मामांनी एकदा पोळून घेतलं होतं. ते माझ्याकडे पाहू लागले. मी मान डोलावली, तरी ते हात पुसत म्हणाले, "ताईले तुम्हीच सांगा भाऊजी. मी मधात नाही पडत आता." त्यांनी अकोल्याला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू यावं म्हणून आवाज मोठा करून मोबाइल खाटेवर ठेवला.

काका मोबाइलकडे वाकले. "चढला," ते म्हणाले.

पलीकडे भांड्याचा आवाज आला, नळ बंद झाल्याचा आला.

"आणखी कोन होतं तथी?"

"कोनीच नाही. मी येकटाच होतो."

मला राहवेना. इतके महिने माझी बोटं सोलवटून घेतली होती ती काय पुन्हा या माणसाच्या शब्दावर टांगून ठेवायला? मी पुढे होऊन मोबाइलवर जवळजवळ ओरडलोच, "काकू, व्हिडिओ आहे माझ्याकडे! सगळा आहे, पहिल्यापासून! आत्ता पाठवतो, तुम्ही बघा."

"नको पाठवू बाबू," काकू म्हणाल्या. "त्यायनं सांगतलं ना."